हौदाचे गणित

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला एक दोर टांगलेला आहे. त्याच्या टोकाला पितळेचे एक जुने वजन बांधले आहे. दर फुटावर एक गाठ आणि दर पाचव्या गाठीला लाल चिंधी. नव्याने घरी येणाऱ्या माणसाची नजर त्यावर हमखास जाते. एकदा आमच्या धर्मग्रामाचे फादर घराला आशीर्वाद द्यायला आले होते. त्यांनीही विचारले, "हे काय, गळ टाकता की काय?" मी म्हटले, "नाही फादर, पाणी मोजते." म्हातारी थट्टा करते आहे असे वाटून ते हसले आणि पुढच्या खोलीत गेले.

थट्टा नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सा आटोपून परतले की मी चप्पल बदलते, दोर घेते आणि टेकडीच्या उतारावरून ठाकरांच्या वाडीतल्या विहिरीवर जाते. कठड्याच्या एका ठरलेल्या दगडावरून वजन आत सोडते. पितळ पाण्याला टेकले की किंचित 'डुब्' असा आवाज होतो. तिथे बोट धरायचे, दोर वर ओढायचा, गाठी मोजायच्या आणि वहीत लिहायचे. एवढेच काम. मात्र ते का सुरू झाले, हे सांगताना मला अजूनही थोडे अवघडल्यासारखे होते.

माझे माहेर वसईचे. आमच्या वाडीत बावखल होते. वसईच्या वाचकांना बावखल काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगते की ते खोदलेले गोड्या पाण्याचे तळे असते. पावसाचे पाणी त्यात साठते, सावकाश जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरींना पोसते. विहिरीवर बैलाचा रहाट होता. वडील सूर्य डोक्यावर आला की बैल सोडीत. आम्हा मुलांना वाटे, बैलाला विसावा. एकदा ते म्हणाले, "बैलाला तर आहेच, पण विहिरीलाही दम घेऊ द्यावा लागतो." दुपारभर विहीर भरून यायची आणि संध्याकाळी पुन्हा थोडे पाणी निघायचे. वडिलांनी भूगर्भशास्त्राचे नाव ऐकले नव्हते. पण विहिरीतून किती काढावे याचा त्यांचा अंदाज चुकत नसे.

पुढे बावखले बुजली, इमारती आल्या आणि वसईतल्या विहिरींचे पाणी टँकरने भरून जाऊ लागले. समुद्रकाठच्या जमिनीतून गोडे पाणी फार उपसले की खारे पाणी आत सरकते, हे पुस्तकात वाचण्याआधी आमच्या भावाने चहाच्या चवीवरून ओळखले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा मी सासरी कर्जतला होते. पण सुट्टीत माहेरी गेले की मीही 'आमचे पाणी' या विषयावर तावातावाने बोलत असे. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढची गोष्ट त्याच्या अगदी उलट बाजूची आहे.

१९७४ साली लग्न होऊन मी कर्जतला आले. यजमान रेल्वेत गार्ड होते. घाट चढण्यासाठी गाड्यांना मागून बँकर इंजिने जोडली जात त्या गडबडीत त्यांचे आयुष्य गेले, आणि माझे गेले शाळेत गणित शिकवण्यात. हौदाचे गणित माझ्या फार आवडीचे. एक नळ हौद सहा तासांत भरतो, दुसरा तो नऊ तासांत रिकामा करतो. दोन्ही नळ एकाच वेळी सोडले तर हौद किती तासांत भरेल? उत्तर अठरा. एकतीस वर्षे मी हे उत्तर फळ्यावर लिहिले. हौदाच्या शेजारी घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला पाणी नेमके कोणत्या वेळी हवे आहे, हा प्रश्न त्या गणितात कधी आला नाही आणि मलाही कधी सुचला नाही.

आम्ही दोघे निवृत्त झाल्यावर, २०१० साली, कर्जत-खोपोली रस्त्यापासून आत, टेकडीच्या उतारावर थोडी जमीन घेऊन घर बांधले. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांची शीव आमच्या कुंपणापासून फार लांब नाही. आमचे घर एका तालुक्यात आणि खालची ठाकरवाडी दुसऱ्या तालुक्यात. यजमानांना वसईची वाडी पुन्हा उभी करायची होती. त्यांनी गावाहून राजेळीचे मुनवे आणले, सोनचाफा आणला. केळीला पाणी हवे. म्हणून पाणाड्या बोलावला. त्याने तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली. बोअरची गाडी आली, दिवसभर पांढुरकी धूळ उडाली आणि एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागले. यजमानांनी त्या पहिल्या गढूळ पाण्याने तोंड धुतले. मुलाने मस्कतहून फोनवर अभिनंदन केले. वाडीची विहीर आमच्या बोअरपासून किती अंतरावर आहे, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खोदण्यास मनाई करणारा कायदा महाराष्ट्रात १९९३ सालीच झाला होता. पुढे २००९ च्या भूजल कायद्याने त्याची जागा घेतली. जमीन विकणाऱ्याने, बोअरवाल्याने, पाणाड्याने कोणी तो उच्चारला नाही. मी शिकलेली बाई. पण मीही चौकशी केली नाही. नंतर मी पावलांनी मोजले. अंतर पाचशे मीटरच्या निम्मेही भरले नाही.

२०१७ मध्ये यजमान गेले. केळी मात्र वाढत राहिली. मी रोज रात्री दहा वाजता पंप सुरू करी आणि एक वाजता बंद करी, कारण त्या वेळी विजेचा दाब बरा असे.

२०१९ च्या उपवासकाळात एके सकाळी वाडीतली एक म्हातारी अंगणात येऊन बसली. तिची नात माझ्याकडे गणिताच्या शिकवणीला येई, म्हणून ओळख होती. चहा घेऊन झाल्यावर ती म्हणाली, "बाई, राग नका धरू. तुमची मोटार रातची चालली का आमचे हिरीला उमाळा येत नाय."

मला राग आलाच. मी तिला समजावले की माझे पाणी एकशे ऐंशी फुटांवरचे आणि तिची विहीर चोवीस फुटांची. दोहोंचा संबंध काय? ती वाद घालत बसली नाही. "तुमी शिकलेल्या," एवढेच म्हणाली आणि रिकामी कपबशी धुऊन उपडी ठेवून गेली. त्या धुतलेल्या कपबशीने मला स्वस्थ बसू दिले नाही.

आपण बरोबर आहोत हे सिद्ध करायला मी पुरावा शोधू लागले, आणि तो मिळालाही. महाराष्ट्रात १९७२ पासून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा काम करते. तिने राज्याची दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रे पाडली आहेत आणि ठिकठिकाणच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. हिशेबाची रीत मुळात सोपी. पावसाळ्याआधी पाणी किती खोल होते, पावसाळ्यानंतर किती वर आले, ते अंतर गुणिले क्षेत्रफळ गुणिले खडकाची पाणी देण्याची क्षमता. म्हणजे वर्षभरात जमिनीत किती भर पडली ते कळते. त्यातून नैसर्गिक निचऱ्यासाठी पाच ते दहा टक्के वजा करायचे. उरलेल्याशी माणसांच्या उपशाचे प्रमाण काढायचे. उपसा सत्तर टक्क्यांपर्यंत असेल तर क्षेत्र सुरक्षित, नव्वदपर्यंत अंशतः शोषित, शंभरपर्यंत शोषित, आणि शंभरावर गेला तर अतिशोषित. साऱ्या देशाचा आकडा २०२४ च्या मूल्यांकनात साठ टक्क्यांच्या आसपास होता; पंजाबचा दीडशेच्या वर आहे, म्हणजे तिथे दर वर्षी व्याज संपवून मुद्दलात हात घातला जातो. आणि आमचे कर्जत, खालापूर? मी पाहिलेल्या प्रत्येक अहवालात 'सुरक्षित'. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, बागायत थोडी. मला हायसे वाटले. म्हातारीला दाखवायला मी तो कागद घडी करून ठेवला.

तो दाखवण्याआधी, सुदैवाने, माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. भूजलाच्याच कामात त्याची नोकरी झाली होती. कागद वाचून तो म्हणाला, "बाई, आकडा खोटा नाही. पण तुम्ही आम्हाला हौदाचं गणित शिकवायचात ना? या हौदाच्या बुडाला भोक आहे, ते तुम्ही धरलेलंच नाही."

मग त्याने अंगणातल्या मातीत काडीने आकृती काढली. आपल्या पायाखाली काळा पत्थर आहे, लाव्हाच्या थरांवर थर. वाळूच्या जमिनीत पाणी कणाकणांत साठते; या पत्थराला तशी पोकळी नाही. वरचा मुरूम आणि खालच्या भेगा, एवढीच त्याची कोठारे. शंभर घनमीटर असा खडक पिळला तर त्यातून एक ते तीन घनमीटर पाणी निघेल. एवढे लहान भांडे जुलैत केव्हाच काठोकाठ भरते. नंतर ऑगस्ट-सप्टेंबरात कितीही कोसळले तरी ते वरूनच वाहून जाते. आणि पाऊस थांबला रे थांबला की भांडे गळू लागते, कारण जमीन उताराची आहे. भेगांतले पाणी ओढ्यात उतरते, ओढ्यातून उल्हासला किंवा पाताळगंगेला मिळते. पाच ते दहा टक्क्यांची वजावट सपाट प्रदेशाला शोभते. सह्याद्रीच्या पायथ्याशी गळती त्याहून कितीतरी मोठी. तेव्हा वर्षाच्या हिशेबात आपल्या नावावर जमा दिसणारे बरेचसे पाणी फेब्रुवारीपूर्वीच खाडीच्या वाटेला लागलेले असते. उरते ते तळाशी. वाडी चार महिने त्यावर जगते, आणि बोअरही त्याच चार महिन्यांत सर्वांत जास्त चालतात.

"मग शाश्वत वापर आहे की नाही, हे ओळखायचं कसं?" मी विचारले.

"तालुक्याची सरासरी बघू नका. एकच विहीर धरा आणि मे महिन्याची पातळी वर्षानुवर्षं मोजा. आणि तुमच्या पंपाचं म्हणाल, तर ते आठ दिवसांत कळेल."

त्याने सांगितलेला प्रयोग मी त्याच एप्रिलमध्ये, पास्काच्या सणानंतरच्या आठवड्यात केला. दोर तेव्हाच तयार झाला. एक रात्र पंप चालू, एक रात्र बंद, असे आलटून पालटून आठ रात्री. सलग चार रात्री चालू आणि मग चार बंद ठेवल्या असत्या, तर उन्हाळा पुढे सरकल्याने होणारी घटही त्यात मिसळली असती. रात्री नऊ ते पहाटे पाच वाडीतल्या बायकांनी पाणी काढायचे नाही, अशी विनंती करावी लागली. ही मागणी किती मोठी होती ते मला नंतर समजले. उन्हाळ्यात त्यांचा पाण्याचा खरा वेळ पहाटे तीनचा, कारण तेव्हा रात्रीचा उमाळा साचलेला असतो. पहिली येणारीला स्वच्छ पाणी, शेवटचीला गाळ. आठ दिवस त्या दोन तास उशिरा आल्या, केवळ मला शंका होती म्हणून. म्हातारीची नात कंदील धरी आणि मी गाठी मोजी. गाठींमधले इंच ती पट्टीने मोजून लिही.

पंप बंद असलेल्या रात्री विहीर सरासरी नऊ इंच भरली. पंप चालू असलेल्या रात्री पाच.

गणिताच्या शिक्षिकेला पुढचे टाळता येत नाही. विहीर दहा फूट व्यासाची. चार इंच म्हणजे सुमारे सातशे चाळीस लिटर. पंधरा लिटरच्या हंड्याने एकोणपन्नास हंडे. वाडीत बावीस उंबरे. म्हणजे माझी केळी प्रत्येक घरातले रोज दोन हंडे पाणी पीत होती, आणि तेही कोणाच्या डोक्यावर हंडा न चढता, तारेतून आलेल्या विजेने. माझा पंप तीन तासांत याच्या दहापट पाणी काढी. उरलेले कोणाच्या वाट्याचे होते, तो हिशेब त्या रात्री मी करायला घेतला नाही.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली इसहाकाची कथा मला त्या दिवसांत वारंवार आठवे. त्याच्या चाकरांनी विहीर खणून पाणी लावले की गरारचे गुराखी येत आणि त्यावर हक्क सांगत. मी कथेत नेहमी इसहाकाच्या बाजूने असे. आता कुंपणाच्या या बाजूला गुराख्यांमध्ये उभी होते.

पंप फेब्रुवारी ते जून बंद ठेवायचा मी ठरवले. मुलाला फोनवर सांगितले, तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आई, बाबांची केळी आहेत ती." आणि थोड्या वेळाने, "आणि तू बंद केलास तर वरचे बंगलेवाले ओढणारच. पाणी वाडीला थोडंच मिळणार आहे?" दोन्ही वाक्ये खरी होती. पहिल्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्याला होते ते अर्धेच: माझ्या पंपाचे चार इंच मी मोजले होते, इतरांचे अजून कोणी मोजले नव्हते.

त्या मे महिन्यात केळीची पाने कडेने करपली, मग दांड्यातून मोडून लोंबली. रोज सकाळी ती पाहणे कठीण गेले. राजेळीचे एक बेट मोरीच्या सांडपाण्यावर जगले, ते अजून आहे. घड लहान येतो. पुढच्या वर्षी मुलानेच पैसे पाठवून छपराच्या पाण्यासाठी टाकी बांधून दिली. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे तिच्यात भागते.

इथवर गोष्ट माझ्या हातातली होती. पुढची नाही. २०२० च्या नोव्हेंबरात वाडीतल्या तरुणांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर दोन वनराई बंधारे घातले. पुढच्या उन्हाळ्यात विहीर तळाशी गेली ती अकरा दिवस उशिरा. वहीत नोंद आहे. अकरा दिवस म्हणजे फार नव्हेत असे ज्याला वाटेल त्याने मे महिन्यात अकरा पहाटे तीन वाजता उठून पाहावे. मग २०२१ मध्ये आमच्या वरच्या उतारावर सुट्टीतल्या घरांची एक वसाहत झाली, तिथे तीन बोअर पडले, पोहण्याचा तलाव झाला, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये दोर पुन्हा तेविसाव्या गाठीपर्यंत गेला. बंधाऱ्यांनी मिळवलेले दिवस एका हंगामात गेले.

तिथे घरे घेणारी माणसे वाईट आहेत असे मला म्हणवत नाही. मुंबईहून ती कडक उन्हाळ्यात येतात, पुलावरून जाताना खाली खळाळती नदी पाहतात आणि साहजिकच समजतात की या मुलखात पाण्याला तोटा नाही. मे महिन्यात वाहणारे ते पाणी बहुतांशी आमच्या जमिनीचे नाहीच. घाटावरच्या लोणावळा, वळवण आणि शिरवता तलावांचे पाणी टाटांच्या वीजकेंद्रासाठी १९१५ पासून खोपोलीला उतरते आणि पाताळगंगेत जाते. ठोकरवाडीचे पाणी १९२२ पासून भिवपुरीला उतरून पेज नदीवाटे उल्हासला मिळते. जे इंद्रायणी-भीमेवाटे पूर्वेच्या समुद्राकडे गेले असते ते शंभर वर्षे पश्चिमेला वळले आहे. त्या नद्यांवर खालची गावे, शहरे, कारखाने जगतात. पण नदी दरीत आणि वाडी टेकडीवर. नदीचा खळाळ वाडीतल्या विहिरीत एक थेंब घालीत नाही. फक्त पाहणाऱ्याची समजूत बिघडवतो.

वाडीत नळही आला आहे. अंगणाअंगणात निळा पाइप, तोटी. पण नळाच्या मागे टाकी आणि टाकीच्या मागे तीच चोवीस फुटांची विहीर. पूर्वी बायका एकेक हंडा ओढीत. आता पंप अर्ध्या तासात सारे उपसतो आणि मार्चनंतर तोटी नुसती हवा सोडते. योजनेच्या कागदावर घरोघरी जोडणी झाली, हे खोटे नाही. तालुका सुरक्षित आहे, हेही खोटे नव्हते.

२०२३ च्या एका ग्रामसभेत मी वही घेऊन गेले. अशा सभेत मी पूर्वी कधी बोलले नव्हते. नगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगरातल्या, हिवरे बाजारचे उदाहरण मी दिले. पोपटराव पवार १९९० मध्ये सरपंच झाल्यानंतर त्या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असे ठरवले, आणि तिथे दर वर्षी पाऊस संपल्यावर गाव पाण्याचा ताळेबंद मांडून मगच कोणते पीक घ्यायचे ते ठरवते. आमच्या तुलनेत तिथे पावसाचा सातवा-आठवा हिस्सादेखील मुश्किलीने पडतो. एकाने उठून विचारले, "बाई, त्यांच्याकडे पाऊस नाही म्हणून ते हिशेब ठेवतात. आपल्याला काय गरज?" सभा हसली. मी वही उघडून चार वर्षांचे मे महिन्याचे आकडे वाचले, फक्त आकडे. हसणे थांबले, पण ठराव झाला नाही. नंतर वसाहतीतल्या एका गृहस्थांनी घरी येऊन वही पाहिली, स्वतःचा बोअर मार्च ते मे बंद ठेवतो म्हणाले, आणि ठेवलाही. दुसऱ्या दोघांनी ठेवला नाही. तीनपैकी एक, हे प्रमाण मला वाटले होते त्यापेक्षा बरे निघाले.

२०२५ ने मात्र माझ्या वहीची फजिती केली. मे महिन्यातच अवकाळी धारा लागल्या आणि मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोचलादेखील. विहीर तळाला जाण्याआधीच भरू लागली. म्हातारी खूश, मी मात्र वही घेऊन बसलेली. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या रकान्यात मी आकडा लिहिला आहे, पण त्याला कंस घातला आहे. त्या आकड्यावरून पंपवाले सुधारले की पाऊस लवकर आला, हे वेगळे काढता येत नाही. विद्यार्थ्याला कळवले तेव्हा तो म्हणाला, "बाई, अजून दहा वर्षं मोजा." मी पंचाहत्तरीची आहे. म्हणून दोराच्या गाठी कशा मोजायच्या, ठरलेला दगड कोणता आणि पंप चालू असेल तर शेरा कसा लिहायचा, हे म्हातारीच्या नातीला शिकवून ठेवले आहे. ती आता महाविद्यालयात जाते. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.

त्या पावसाळ्यानंतरच्या ऑक्टोबरात पहिल्या रविवारी आम्ही दोघी गेलो. पाणी चौथ्या गाठीला होते. कठड्यावर बसलेल्या म्हातारीला मी राजेळीची एक फणी दिली. तिने ती हातावर तोलली, केळ्यांची जाडी पाहिली आणि म्हणाली, "बारकी झाली, बाई." मग पदराखाली धरून ती उतरणीने घराकडे गेली. नात वहीत तारीख घालत होती.